चिनी शिकवणारा व्हिडिओ कोर्स घेताय? आधी तोंड उघडून बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मागच्या रविवारी घरबसल्या परदेशी भाषा शिकण्यावर लेख आला होता, तो वाचला. लेख बरा होता पण सगळंच गोडगोड, मोबाईल घ्या, कोर्स लावा, भाषा तयार. म्हणून म्हटलं आपणही चार ओळी लिहूया, कारण मी आणि माझी मुलगी गेले पाच महिने असाच एक चिनी भाषेचा व्हिडिओ कोर्स करतोय, रोख पैसे मोजून, आणि त्या पैशात पदरात काय पडलं आणि काय नाही ते आता कुठे कळायला लागलंय. कोर्सचं नाव देत नाही. त्याच्यासारखे अजून पाच-सहा आम्ही फुकटच्या व्हिडिओंपुरते बघितले, चाल सगळ्यांची एकच.

आधी सांगतो की ह्या वयात चिनी कशाला. मी वास्कोला शिपिंगच्या ऑफिसात होतो, खाणी जोरात होत्या त्या काळात. मांडवी-जुवारीतून बार्जी खाली यायच्या आणि मुरगावला मोठ्या बोटी भरायच्या, आपला हलक्या प्रतीचा ओर (लोखंडाचं खनिज) घेणारा मोठा गिऱ्हाईक म्हणजे चीन. कागद घेऊन बोटीवर चढायचं, कधीकधी सगळा क्रू चिनी असायचा, आणि मला काय यायचं, तर नी हाओ. त्यापुढे हातवारे. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या, ऑफिसात माशा मारायची पाळी आली आणि ती हौस तशीच राहून गेली. आता मुलीला एक्स्पोर्टच्या लायनीत जायचंय, ती म्हणाली पपा चिनी शिकते, मी म्हटलं मग मी पण.

कोर्सच्या पानावर 24,999 खोडून 6,999 लिहिलेलं आणि वर लाल आकडे उलटे पळतायत, 14 मिनिटं, 13 मिनिटं. मी भोळा, भरले. दुसऱ्या दिवशी सहज उघडून बघितलं तर परत तेच 14 मिनिटं. नंतर कळलं की अशा खोट्या घाईला सरकारने 2023 साली नियम करून बंदी घातलीय, ग्राहकाला फसवायच्या अशा 13 युक्त्यांची यादीच आहे, आणि 1915 ह्या नंबरवर तक्रार पण करता येते. मी केली नाही, आळस. पण वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं की घड्याळ लावून विकणारा माणूस तुम्हाला विचार करायला वेळ देत नाहीये.

आता मुद्द्यावर येतो, शिकवण्यावर.

तिसऱ्या व्हिडिओत मास्तर सांगतात (हिंदीत, अधूनमधून इंग्रजी) की चिनी शब्द रोमन अक्षरात लिहायची जी पद्धत आहे, पिनयिन, 1958 पासूनची, त्यात बी म्हणजे ब, डी म्हणजे द, जी म्हणजे ग. झालं, पुढे चला. साहेब, ही चूक इतकी मुळातली आहे की त्यावर कोर्सचे अर्धे पैसे परत मागावेत. मँडरिन चिनीत आपला ब, द, ग नाहीच. त्यांचा बी म्हणजे आपला प आणि पी म्हणजे आपला फ, तो पण नीट ओठ मिटून काढलेला, इंग्रजी एफसारखा वाऱ्यावर सोडलेला नव्हे. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. म्हणजे काय, तर शाळेत बाईंनी घोकून घेतलेलं अल्पप्राण महाप्राण, बाकी काही नाही! कागदाची पट्टी तोंडासमोर धरा, प म्हटलं की हलत नाही, फ म्हटलं की उडते. आपल्याला जन्मापासून येतंय ते. इंग्रज पी म्हणताना आपोआप हवा सोडतो त्यामुळे त्याचं बी-पी वर भागून जातं, आपण मात्र पी बघितला की सरळ प म्हणतो आणि चिनी कानाला तो बी ऐकू येतो. पळालो म्हणायचं तर वो फाओ ल, पोट भरलं म्हणायचं तर वो पाओ ल, सूर दोन्हीचा सारखाच, फरक फक्त त्या हवेचा. कोर्सच्या हिशोबाने बोललात तर तुम्ही पळालात हे त्यांना कधी कळणारच नाही, ते समजणार ह्याचं जेवण झालं. आणि बीजिंग बीजिंग जे आपण करतो ते पेइचिंग आहे हो, जुने लोक पेकिंग म्हणायचे ते पहिल्या अक्षरापुरते तरी जास्त बरोबर होते.

च ची तर अजून मजा. मराठीत च दोन आहेत, कोकणीत पण, आपण लिहितो एकच पण बोलतो दोन. चहातला च वेगळा आणि चिंचेतला पहिला चि वेगळा. पिनयिनचा झेड म्हणजे चहातला च, जे म्हणजे चिंचेतला चि, क्यू म्हणजे त्याच जागेवरचा छ. दिल्लीवाल्या मास्तरांना पहिला च घालायला दहा मिनिटं लागली, जीभ इथे ठेवा, दात तिथे ठेवा, आणि आमच्या घरात माझी म्हातारी आई बाजूला बसून म्हणते, अरे हा तर आपला चमचा! आईला फी न भरता आलं ते. (चहा हा शब्दच मूळ तिथला, ते छा म्हणतात आणि पोर्तुगीज मकावहून शा घेऊन आले, पण ते राहू दे, विषय लांबेल.) म्हणजे मराठी माणसाला निम्मे आवाज आयते आहेत, फक्त कोणीतरी सांगायला पाहिजे की तुझ्या घरात आहेत, बाहेर शोधू नको. मराठीतून चिनी शिकवणारा धड कोर्स आम्हाला कुठे सापडला नाही, असला तर कळवा.

सुरांचं सांगतो. चिनीत चार सूर, एक सपाट, एक चढता, एक खोल, एक वरून खाली पडणारा, आणि पाचवा बिनसुरी हलका. मा सपाट म्हटलं की आई, चढवलं की ताग, खोल नेलं की घोडा, वरून आपटलं की शिव्या देणे. हे सगळे कोर्स पहिल्याच व्हिडिओत दाखवतात, हाताने हवेत रेघा मारून, आणि मग विसरतात. पुढच्या 140 व्हिडिओंत सुराचा विषय फक्त अक्षरांवरच्या बारीक खुणांपुरता. आणि नी हाओ, जो पहिल्या दिवशी शिकवला, त्यात दोन्ही शब्द खोल सुराचे आहेत आणि दोन खोल सूर पाठोपाठ आले की पहिला चढता होतो, हा नियम आमच्या कोर्समध्ये 61 व्या व्हिडिओत आला. तोपर्यंत आम्ही दोन महिने चुकीचा नमस्कार घालत होतो.

मला सूर कळले ते आमच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्या भाऊंमुळे. मी विचारलं की मास्तरांचा आवाज बारीक, माझा जाड, मग मी एवढ्या वर कसं जायचं. भाऊ म्हणाले, तुझा सा तू तुझा लाव की, त्याचा सा त्याच्याकडे. आणि बरोबर तेच आहे, चिनी सूर पट्टीवरचे ठरलेले नाहीत, ज्याच्या त्याच्या आवाजातलं वर आणि खाली एवढंच. पहिला म्हणजे वरच्या सा वर ठेवलेला आवाज, दुसरा म्हणजे मधून वर चढायचं, तिसरा खर्जात राहायचं, चौथा म्हणजे वरून खाली मींड, पण झटक्यात. पाच मिनिटांत काम झालं. गोव्यात घरटी एक माणूस गाणारा नाहीतर वाजवणारा, आणि आपण हे रेघा बघून शिकतोय!

पण सूर कळणं वेगळं आणि बोलताना टिकणं वेगळं, ते मला माझ्या भाच्याने दाखवलं. भाचा तारवार आहे, क्रूझवर, त्यांच्या किचनमध्ये एक चिनी शेफ. एकदा व्हिडिओ कॉल लावला, म्हटलं मामाची परीक्षा घे. माझ्या डोक्यात वाक्य तयार, नी ह थांग मा, म्हणजे तू सूप पितोस का. शेफ बघतच राहिला आणि मग असा हसला की भाच्याच्या हातातला फोन हलायला लागला. झालं असं की मराठीत प्रश्न विचारताना आपला आवाज शेवटाला वर जातो, जातोच, आणि मी थांग वर चढवलं. सपाट थांग म्हणजे सूप, चढता थांग म्हणजे साखर. मी एका स्वयंपाक्याला विचारलं तू साखर पितोस का. आपण राग, कौतुक, शंका सगळं आवाज वरखाली करून दाखवतो, त्यांच्याकडे त्या वरखालीत शब्द बसलेला असतो, त्यामुळे तोंड आपलं तेच राहिलं तर घोळ होणारच. धंद्यातला नमुना सांगतो, खोल सुरात माइ म्हणजे विकत घेणे आणि पडत्या सुरात माइ म्हणजे विकणे. ओरच्या सौद्यात हे उलटं झालं असतं तर पात्रांवने, म्हणजे मालकाने, मला मांडवीत ढकलला असता.

मग त्या शेफने माझ्याशी दोन वाक्यं बोलली, साधी असणार, आणि मला एक शब्द कळला नाही. एकसुद्धा. का, तर 148 व्हिडिओंत आवाज एकच, त्या मास्तरांचा, तो पण सावकाश, लहान पोराला भरवतात तसा. अ‍ॅपवर तेव्हा मी 73 टक्के पूर्ण होतो. हे 73 टक्के कशाचे, तर बघितल्याचे. व्हिडिओ चालू ठेवून मी जेवायला गेलो तरी टक्के वाढतात, मुलगी तर दुप्पट स्पीडवर लावून कपडे घडी करते, तिचे 81. वास्कोच्या सप्ताहाला आम्ही एक दिवस उघडला नाही तर अ‍ॅपने तुमची साखळी तुटली म्हणून रडका चेहरा दाखवला. पण पाच महिन्यांत एकदाही त्या कोर्सने आम्हाला म्हटलं नाही की आता तू बोल, मी ऐकतो. शेवटी सर्टिफिकेट मिळणार आहे, सोनेरी कडा असलेलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे साहेब, की चिनीचा कोर्स चांगला की वाईट हे बघायला किती व्हिडिओ, किती तास, किती स्टार हे बघू नका, तुमचा उच्चार कोणीतरी ऐकून चूक सांगतं का ते बघा. माणूस असेल तर उत्तम. नसेल तर निदान तुमचं रेकॉर्डिंग आणि त्यांचं रेकॉर्डिंग बाजूबाजूला ऐकायची सोय तरी हवी. तेही नसेल तर तो सिनेमा आहे, बघा आणि टाळ्या वाजवा.

व्याकरणाचं बघा, तिथे पण हाच प्रकार, म्हणजे आपल्याला सोपं ते अवघड करून शिकवलेलं. मी काल घेतलेलं पुस्तक, हे चिनीत कसं म्हणायचं? वो त्सुओ-थिएन माइ त शू. मी, काल, घेतलेलं, पुस्तक, शब्दाला शब्द लावून बघा, क्रम तोच! मास्तरांनी ह्यावर 22 मिनिटं घातली कारण ते इंग्रजीतल्या वाक्यावरून उलटे येत होते, आधी पुस्तक, मग जे, मग मी, मग काल. टेबलावर मधला वर आपण शब्दाच्या मागून लावतो, ते पण शांग मागूनच लावतात. प्रश्नाला शेवटी का लावतो तसं ते शेवटी मा लावतात. जेवलात का विचारायची त्यांची जुनी पद्धत आहे, नी छ फान ल मा, आणि त्यातला फान म्हणजे भात, भात खाल्लास का म्हणजेच जेवलास का, आता शीतकडीवाल्या गोयंकाराला हे वेगळं समजावून सांगायचं काय आहे. फक्त एक आहे की त्यांचं क्रियापद आधी आणि वस्तू मागून, मी खातो भात, तेवढी सवय लावून घ्यायला लागते. काळ, लिंग, वचन ह्यांनी क्रियापदं बदलत नाहीत, मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला विचारा आपल्याकडे काय हाल होतात ते.

अक्षरांबद्दल आमचा कोर्स बढाई मारतो की अक्षरं न शिकता चिनी बोला. दोन महिन्यांपुरतं ठीक आहे. पण चीनची जी परीक्षा आहे एचएसके, तिच्या पहिल्या दोन पातळ्यांच्या पेपरात अक्षरांसोबत पिनयिन छापून येतं, तिसऱ्यापासून ते गायब. म्हणजे तुम्ही जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आणि पुढे जिनाच नाही. शिवाय एचएसके लेव्हल 1 पूर्ण असं हे लोक लिहितात, कुठली ते सांगत नाहीत, जुन्या 6 पातळ्यांच्या परीक्षेत पहिलीला 150 शब्द होते आणि 2021 च्या नव्या मापदंडात पातळ्या 9 झाल्या आणि पहिलीलाच 500 शब्द. आम्ही मोजले, आमच्या कोर्समध्ये 160 च्या आसपास आहेत, समजून घ्या. आणि बोलण्याची परीक्षा तर वेगळीच असते, एचएसकेके नावाची, तिचा कोर्समध्ये उल्लेखच नाही.

आणि अक्षरं एवढी भीतीदायक नाहीत हो. मघाचा मा घ्या. घोड्याचं अक्षर हल्लीच्या सोप्या लिपीत तीन रेघांचं. त्याच्या डावीकडे बाई काढली की आई झाली, तोंड काढलं की प्रश्नाचा मा झाला, आणि वर दोन तोंडं काढली की शिव्या! एक बाजू अर्थ सांगते, दुसरी आवाज सांगते, बहुतेक अक्षरं अशीच जोडून केलेली आहेत. हे मला कोर्सने नाही सांगितलं, मुलीने डिक्शनरीच्या अ‍ॅपमध्ये बघून सांगितलं, प्लेको म्हणून आहे, साधी डिक्शनरी फुकट मिळते. रेघा वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि ते गिरवताना मला आमची धूळपाटी आठवली.

ह्या घोड्यावरून एक गोष्ट सांगायची राहिली, आपल्या गोव्याची आहे म्हणून सांगतो. 1578 साली दोन इटालियन पाद्री जहाजाने गोव्यात उतरले, मिकेले रुजिएरी आणि मातेओ रिच्ची. रुजिएरी पुढच्या वर्षी मकावला गेला चिनी शिकायला, रिच्ची नंतर मागून गेला. तिकडे शिकवायला धड मास्तर मिळेना, मिळाला तो एक चित्रकार. रुजिएरीने पत्रात लिहून ठेवलंय की तो चित्रकार घोडा काढायचा आणि वर घोड्याचं अक्षर लिहायचा आणि म्हणायचा, मा. व्हिडिओ कोर्सच झाला की हा पण! फरक एवढाच की चित्र काढणारा समोर बसलेला होता आणि ह्याने मा चुकीचं म्हटलं तर त्याला ऐकू जात होतं. पुढे ह्या दोघांनी पोर्तुगीज-चिनी शब्दकोश केला, रोमन अक्षरात उच्चार दिले, पण त्यात सुरांच्या खुणा नव्हत्या. म्हणजे ती खोड जुनी आहे, आजच्या मास्तरांना एकट्यालाच काय बोलायचं.

वेळेचं पण एकदा बोलायला पाहिजे कारण 90 दिवसांत फ्लुएंट हे सगळीकडे लिहिलेलं असतं. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं, त्यांचा चिनीचा हिशोब 2200 तासांचा, वर्गातले तास, घरचा अभ्यास वेगळा. ते इंग्रजीवाल्यांसाठी. आपल्याला थोडं कमी लागेल असं मला वाटतं, माझा अंदाज. पण रोज एक तास धरला तरी 2200 म्हणजे सहा वर्षं. आमच्या कोर्सचे सगळे व्हिडिओ मिळून 62 तास. मी हे मुलीला सांगितलं, ती म्हणाली पपा सहा वर्षांनी तुम्ही 67 चे होणारच आहात, चिनी येऊन व्हा नाहीतर न येता व्हा.

पैसे परत मागायला गेलो होतो, तर नियम असा की सात दिवसांच्या आत आणि दहा टक्क्यांपेक्षा कमी बघितलं असेल तरच. पहिल्या पंधरा व्हिडिओंत अधूनमधून चीनची भिंत आणि पांडा आणि तुम्ही हे करू शकता, त्यातच दहा टक्के संपतात. म्हणून सांगतो, कोणाला घ्यायचाच असेल तर फुकटचा पहिला व्हिडिओ बघू नका, तो सगळ्यांचा चांगलाच असतो. मधला एखादा मागा, चाळिसावा द्या म्हणा. बी चा उच्चार ऐका. नी हाओ मधला नी चढतो की नाही बघा. मास्तरांशिवाय दुसऱ्या कोणाचा आवाज आहे का बघा, बाईचा, म्हाताऱ्याचा, भाजीवाल्याचा. आणि देत नसतील तर सोडून द्या.

आमचं सध्या असं चाललंय की कोर्स बाजूला ठेवून मुलगी रोज वीस कार्ड फिरवते, अंकी नावाचं अ‍ॅप आहे, विसरायला लागलं की नेमकं तेच कार्ड पुढे आणतं. रात्री जेवणं झाली की मी फोनवर माझाच आवाज रेकॉर्ड करतो आणि ती डोळे मिटून ऐकते आणि मी काय म्हटलं ते मराठीत सांगते. विकत घेतो म्हटलं आणि तिने विकतो ऐकलं तर परत. आई बाजूला असते, तिचा झेड आमच्या दोघांपेक्षा चांगला आहे. आठवड्यातून एकदा भाचा वायफाय असलं तर त्या शेफला पकडतो. परवा मी त्याला परत सूपचं विचारलं, आवाज मुद्दाम सपाट ठेवून, भजनात वरचा सा धरतात तसा जीव लावून. तो म्हणाला पितो, आणि मग काहीतरी लांबलचक बोलला, त्यातलं मला कोंबडी एवढं कळलं.

आपला,
एक जुना वाचक, फोंडा